गाळाचे गाभे वाचताना : जागेची प्रागैतिहासिक शक्यता कशी जोखायची

जमिनीत नळी उतरवून वर काढलेला गाळाचा अखंड उभा तुकडा म्हणजे गाभा. कामावरची माणसं त्याला सरळ कोअर म्हणतात, मीही इथे तेच म्हणेन. १० सेंटिमीटर व्यासाचा कोअर जमिनीचा जेमतेम ७८ चौरस सेंटिमीटर तुकडा उघडतो. ३० मीटर लांब आणि २ मीटर रुंद चाचणी खंदक उघडतो ६० चौरस मीटर. तेवढीच जमीन कोअर काढून उघडायची म्हटली तर साडेसात हजारांहून जास्त कोअर लागतील. नव्याने या कामात आलेल्या प्रत्येकाला मी पहिल्याच दिवशी हा हिशेब मांडायला सांगतो, कारण पहिला कोअर उघडताना सगळ्यांचेच डोळे दगडी अवजार शोधत असतात. ते सापडलं तर आनंदच आहे, पण त्याच्या भरवशावर काम उभं राहत नाही. आणि सापडलं नाही म्हणून इथे माणूस कधी नव्हता असं लिहिलंत, तर ती या कामातली सगळ्यात महाग चूक ठरते.

कोअरला विचारायचे प्रश्न दोनच. पूर्वी कधीतरी इथे माणसाला बसता-उठता येईल, चूल पेटवता येईल, शिकार सोलता येईल अशी जमीन होती का? आणि होती, तर ती आजही न विस्कटता खाली पडून आहे का? पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन प्रश्नांच्या उत्तरासाठी आहेत.

यंत्र आणण्याआधी कागद

त्या परिसराचे भूगर्भीय नकाशे, जुने नकाशे, हवाई छायाचित्रं, उंचसखलपणाची मोजमापं आणि आधी कुणी घेतलेल्या बोअरच्या नोंदी गोळा करा. रस्ता, पूल, इमारत यांसाठी इंजिनिअरांनी घेतलेल्या बोअरच्या नोंदी बहुतेक विकसित भागांत मिळतात आणि त्या फुकट हाती आलेलं धन आहे. मात्र त्या लिहिणाऱ्याला पाया किती भार पेलेल याची काळजी होती, हे विसरू नका. त्याने ‘मऊ काळी माती’ एवढंच लिहिलेलं असतं. ती पीट असेल, म्हणजे दलदलीत न कुजता साठलेल्या वनस्पतींचा थर. तळ्यातला सेंद्रिय चिखल असेल. किंवा गाडली गेलेली जुनी भूपृष्ठाची मातीही असेल. अशा ओळींवर खूण करा. तुमचे पहिले कोअर तिथेच जाणार आहेत.

आजचा नकाशा डोळ्यांसमोर ठेवून प्राचीन जमिनीचा विचार करू नका. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरहून खाली होती. तेव्हाचे किनारे, खाड्या आणि नदीमुखं आज समुद्रतळाशी आहेत. १९३१ साली कोलिंडा नावाच्या मासेमारी जहाजाच्या जाळ्यात उत्तर समुद्राच्या तळातून पीटचा एक गठ्ठा वर आला. तो फोडल्यावर आत शिंगाचं, काटे कोरलेलं भाल्याचं टोक निघालं. ब्रिटन आणि युरोपची मुख्यभूमी यांना जोडणारी, पुढे बुडालेली ही जमीन आज डॉगरलँड म्हणून ओळखली जाते. तिच्यावरचं बरंचसं काम आज भूकंपलहरींच्या नकाशांवर आणि समुद्रतळातून काढलेल्या कोअरवरच चालतं. त्या टोकाइतकाच त्याच्याभोवतीचा पीटही मोलाचा होता: समुद्राच्या तळाशी एके काळी गोड्या पाण्याची दलदल होती, ही बातमी त्याने दिली.

कागद जमले की एक गोष्ट न चुकता करा. जमिनीचा उभा छेद अंदाजाने काढा. कुठे जुनं नदीपात्र असेल, कुठे उंचवटा, कुठे तळ्याचा काठ, हे पेन्सिलीने दाखवा. चुकलं तरी चालेल. अंदाज समोर असला की प्रत्येक नवा कोअर तो खोडतो किंवा पक्का करतो. अंदाजच नसेल तर हाती नुसते मातीचे तुकडे जमतात.

कोअर कुठे आणि किती

विखुरलेल्या दहा कोअरपेक्षा एका रेषेत, दरीला आडवे घेतलेले सहा कोअर जास्त सांगतात. रेषा कोरड्या उंच बाजूकडून ओल्या सखल बाजूकडे न्या. माणसं बहुतेक वेळा या दोहोंच्या सीमेवर राहिली: पाय कोरडे, आणि पाणी, मासे, पक्षी, लव्हाळे हाताशी. ही सीमा काळानुसार सरकते. पाणी चढलं की काठ मागे जातो आणि आधीचा काठ गाळाखाली जातो. म्हणून रेषेवरचे कोअर काठाजवळ दाट ठेवा, मधल्या सपाट भागात विरळ चालतील. सुरुवातीला ५० मीटरचं अंतर पुरतं. काही हाती लागतंय असं दिसलं की २० वर, मग १० वर या. अंतर ठरवताना विचारायचं इतकंच की, तुम्ही शोधताय ती जागा केवढी असू शकेल? शिकाऱ्यांच्या एका मुक्कामाचा पसारा काही मीटरचा असतो, तळ्याचा जुना काठ शेकडो मीटर धावतो. कोअरनी काठ शोधायचा, मुक्काम पुढे खंदकाने.

थांबायचं कुठे, यावर नवी माणसं हमखास फसतात. गोट्यांचा थर लागला की खाली काही नाही असं मानून यंत्र वर घेतलं जातं. पण गोटे म्हणजे खडक नव्हे. हिमयुगातल्या नद्यांनी आणलेल्या गोट्यांच्या थरातच पुराश्मयुगीन हातकुऱ्हाडी मिळतात, आणि कधी गोट्यांच्या खाली त्यांहून जुना, शांत पाण्यात साठलेला गाळ असतो. निदान काही कोअर खडकापर्यंत न्या. ते शक्य नसेल तर जिथे थांबलात तिथे का थांबलात हे लिहा.

उपकरणं

उथळ आणि मऊ गाळात हाताने दाबायची अर्धनळी पुरते. ती अरुंद असते, पण एका दिवसात बऱ्याच जागा बघून होतात. फिरवून आत जाणारं गिरमिट, म्हणजे ऑगर, माती ढवळून वर आणतं. थरांचा क्रम कळतो, सीमा मात्र बिघडतात. पीटसाठी अर्धगोल कप्प्याचा रशियन कोअरर सगळ्यात भरवशाचा, कारण तो खाली गेल्यावर बाजूने गाळ कापून घेतो आणि दाबत नाही. जमीन घट्ट असेल किंवा वर भराव असेल तर ठोकून जाणारं यंत्र आणि आत प्लास्टिकची नळी. समुद्रतळासाठी थरथराटाने शिरणारा व्हायब्रोकोअरर.

कुठल्याही उपकरणाआधी जमिनीखालच्या विजेच्या तारा, गॅस आणि पाण्याच्या वाहिन्या यांची खात्री करून घ्या, आणि जागामालकाची व संबंधित खात्याची लेखी परवानगी घ्या. जुन्या कारखान्याच्या जागेवर माती विषारी असू शकते. तिथे हातमोजे आणि तपासणी यांशिवाय हात लावू नका. काम झालं की भोक बेंटोनाइटच्या, म्हणजे पाण्यात फुगणाऱ्या चिकणमातीच्या, गोळ्यांनी बुजवा. ते उघडं राहिलं तर वरचं पाणी खाली आणि खालचं वर जायला वाट मिळते, आणि हजारो वर्षं ओल्यात टिकलेला थर सुकायला लागू शकतो. तपासायला गेलो आणि आपणच नासवलं, असं होऊ देऊ नका.

वर काढताना

प्रत्येक नळीवर वरचं टोक बाणाने दाखवा, कोअरचा क्रमांक आणि खोली लिहा, तेही नळी खाली ठेवण्याआधी. पीट दाबला जातो, त्यामुळे एक मीटर खाली जाऊन ८० सेंटिमीटरच वर येणं नेहमीचं आहे. तफावत लिहून ठेवा. दुसऱ्या मीटरपासून प्रत्येक नळीच्या माथ्यावर भोकाच्या भिंतींवरून घसरलेली माती असते. ती वेगळी ओळखता आली नाही, तर वरचा थर खाली पुन्हा आल्याचा भास होतो.

आता उंचीबद्दल, आणि हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. शिकत असताना मी बारा बोअरच्या नोंदी केल्या, सगळ्या ‘जमिनीपासून इतक्या खोलीवर’ अशा. छेद काढला तर पीटचा थर जिन्यासारखा वरखाली होत होता, आणि मी त्यावरून जमीन खचल्याचं एक लांबलचक स्पष्टीकरण लिहूनही टाकलं. वरचा भराव कुठे एक मीटर होता, कुठे तीन. प्रत्येक बोअरच्या तोंडाची समुद्रसपाटीपासूनची उंची मोजून आकडे बदलले तेव्हा तो पीट एका सरळ पट्टीसारखा आडवा पडलेला दिसला. तेव्हापासून तोंडाची उंची मोजल्याशिवाय मी यंत्र पुढच्या जागेवर हलवू देत नाही. खोली लिहाच, पण विचार करताना उंची वापरा.

कोअर उघडून वाचणं

या कामाचा जीव इथे आहे. घाई करू नका.

नळी लांबीच्या बाजूने कापा. पृष्ठभाग सुरीने साफ करताना सुरी आडवी फिरवा. उभी फिरवलीत तर एका थराची माती दुसऱ्यावर सारवली जाते आणि सीमा पुसली जाते. लगेच, मोजपट्टी आणि रंगपट्टी ठेवून छायाचित्र घ्या. हवा लागताच पीट काही मिनिटांत काळा पडतो, निळसर-राखाडी चिकणमाती तपकिरी होऊ लागते. पहिला रंग परत दिसणार नाही.

मग वरून खाली एकेक थर लिहा. रंग मन्सेलच्या, म्हणजे मातीच्या रंगांच्या प्रमाणित, तक्त्याशी ताडून. पोत बोटांनी: वाळूचे कण, म्हणजे ०.०६३ ते २ मिलिमीटर, दिसतात आणि खरखरतात, त्याहून बारीक पोयटा पिठासारखा लागतो, ०.००२ मिलिमीटरहून बारीक चिकणमाती बोटांना चिकटते आणि तिची वळी होते. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका. फेस आला तर चुना आहे, आणि चुना असेल तर हाड आणि शिंपले टिकले असण्याची आशा आहे. आम्लधर्मी मातीत हाड विरघळतं, दगड राहतो. पाण्याखाली, हवेवाचून असलेल्या थरात लाकूड, बिया, दोर, चामडंसुद्धा टिकतं. जर्मनीतल्या शोनिंगेनचे लाकडी भाले लाखो वर्षं राहिले ते तळ्याकाठच्या ओल्या गाळामुळे. उलट, इंग्लंडमधल्या स्टार कार या मध्याश्मयुगीन जागेवर पाण्याची पातळी उतरली आणि पीटमधली हाडं व लाकूड अलीकडच्या काळात झपाट्याने खराब झालं. म्हणून थर आज ओला आहे की सुकलेला, हेही लिहा.

प्रत्येक थर त्या वेळचं पाणी कसं होतं ते सांगतो. गोटे आले म्हणजे जोराचा प्रवाह. पातळ, एकसारख्या रेघांची चिकणमाती म्हणजे संथ पाणी. पीट म्हणजे पाण्याची पातळी जमिनीशी आलेली. पण मी थरांपेक्षा त्यांच्या सीमांवर जास्त वेळ घालवतो आणि तुम्हीही घालवा. माणूस गाळाच्या आत राहत नाही, तो पृष्ठावर राहतो. आणि गाडलेला पृष्ठ कोअरमध्ये दिसतो तो एक सीमा म्हणून, कधी केसाइतकी बारीक.

जुनी भूपृष्ठाची माती कशी ओळखायची? तिची वरची सीमा ठळक असते आणि खालची विरत जाते. माथ्याशी गडद रंग, खाली फिका होत जाणारा. मुळांच्या बारीक उभ्या खुणा. पाण्यात साठलेल्या रेघा मोडून ढेकळांसारखी रचना, कारण मुळं आणि किडे तिच्यात वर्षानुवर्षं फिरलेले. ही चिन्हं एकत्र दिसली तर इथे जमीन बराच काळ उघडी, स्थिर आणि झाडोऱ्याने झाकलेली होती. तिच्यावर लगेच पीट चढला असेल तर ही सगळ्यात चांगली परिस्थिती. पाणी सावकाश वाढलं, दलदल आली आणि पृष्ठ जागच्या जागी झाकला गेला. अशा सीमेला अहवालात स्वतंत्र परिच्छेद द्या.

विरोधी चिन्हंही तितकीच शिकून घ्या. वरचा थर वाळूचा, सीमा कातरल्यासारखी, आणि वाळूच्या तळाशी खालच्या पीटचे गोळे अडकलेले: पाण्याने पृष्ठ खरवडून नेलेला आहे. इथे जमीन होती, पण राहिलेली नाही. पीटवर समुद्री चिकणमाती असेल तर सीमा कशी आहे ते भिंगाने बघा. हळूहळू मिसळत गेली असेल, मधे लव्हाळ्यांचे देठ उभे असतील, तर समुद्र दबक्या पावलांनी आला. तीच सीमा पन्नास मीटरवर कातरलेली निघू शकते. एका कोअरवरून सगळ्या जागेचा निकाल लावू नका.

कोळसा दिसला की मन धावतं. वणव्याचाही कोळसा असतो. बारीक कण सगळीकडे विखुरलेले असतील तर फक्त ‘आग होती’ एवढंच म्हणता येतं. एका पातळ पातळीवर मोठे तुकडे, सोबत तापून तडकलेला गारगोटीचा कपचा किंवा भाजलेलं हाड असेल तर ती पातळी खंदकाने उघडण्याच्या यादीत टाका. ओल्या गाळात कधी पांढरट पूड दिसते आणि हवेत निळी होते. ते व्हिव्हिअनाइट, लोह आणि फॉस्फेट यांचं खनिज. जवळपास हाड असू शकतं, पण कुजलेल्या वनस्पतींमधूनही ते बनतं. नोंद करा, निष्कर्ष काढू नका.

नमुने

सगळ्याचं सगळं तपासायला पैसा आणि वेळ कुणाकडेच नसतो. प्रश्न ठरवा, मग नमुना. झाडोरा कसा होता हे परागकण सांगतात. पाणी गोडं होतं की खारं, हे डायटम (काचेसारख्या कवचाचे सूक्ष्म शैवाल) आणि फोरॅमिनिफेरा (कवच असलेले सूक्ष्म एकपेशीय जीव) सांगतात. सेंद्रिय भाग किती, हे सुकवलेला नमुना ५५० अंश सेल्सिअसला जाळून वजनातल्या घटीवरून कळतं. चुंबकीय ग्रहणक्षमता, म्हणजे चुंबकाला मातीचा प्रतिसाद, जुनी माती आणि भाजलेली माती दोन्हीकडे वाढलेली दिसू शकते. ती मोजायला स्वस्त, म्हणून पूर्ण कोअरवर दर दोन सेंटिमीटरला घ्या.

काळ ठरवताना रेडिओकार्बनसाठी अखंड पीटचा गोळा पाठवू नका. त्यात वरून उतरलेली मुळं आणि वाहून आलेला जुना कार्बन दोन्ही असतात. गाळ चाळून जमिनीवरच्या वनस्पतीची बी, पान किंवा एका-दोन वर्षांची काडी निवडा. शिंपला पाठवलात तर समुद्रातल्या जुन्या कार्बनमुळे तारीख खरीपेक्षा जुनी येते, तिची दुरुस्ती करावी लागते. कार्बन-१४चं अर्धआयुष्य सुमारे ५,७३० वर्षं, त्यामुळे साधारण ५० हजार वर्षांपलीकडे ही पद्धत चालत नाही. त्याआधीच्या वाळूसाठी प्रकाशउद्दीपित ल्युमिनेसन्स. कणावर शेवटचा सूर्यप्रकाश कधी पडला, ते त्यातून कळतं. म्हणूनच त्यासाठीचा कोअर काळ्या नळीत काढावा लागतो आणि उजेडात उघडता येत नाही. वाचायला एक आणि ल्युमिनेसन्सला शेजारी दुसरा, असे जोडकोअर आधीच ठरवा. ज्वालामुखीच्या राखेची पट्टी मिळाली तर नशीब मोठं: सुमात्रातल्या टोबाच्या सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची राख भारतीय उपखंडातल्या नदीखोऱ्यांतही सापडते आणि दूरदूरचे थर एका क्षणाला बांधते.

गाळातला प्राचीन डीएनए हा नवा, आकर्षक रस्ता आहे. हातमोजे, स्वच्छ अवजारं आणि थंडावा यांशिवाय त्या वाटेला जाऊ नका. ब्रिटनच्या बोल्डनर क्लिफ इथल्या पाण्याखालच्या गाळात सुमारे ८ हजार वर्षांपूर्वीच्या गव्हाचा डीएनए मिळाल्याचं २०१५ साली जाहीर झालं आणि तो डीएनए खरोखर तेवढा जुना आहे का, यावर लगेच वाद झाला. शेतीचा तिथला इतिहास दोन हजार वर्षांनी मागे जाईल असा दावा एकट्या या पुराव्यावर पेलत नाही, असं माझं मत आहे.

नकाशा आणि अहवाल

आता सगळे कोअर उंचीनुसार शेजारी मांडा आणि सारखे थर जोडा. जोडताना प्रत्येक रेषेसाठी स्वतःला कारण विचारा. रंग सारखा म्हणून जोडलेले दोन काळे थर हजारो वर्षांच्या अंतराचे निघू शकतात. दोन्हीकडच्या तारखा किंवा परागकण जुळले तरच रेषा सलग काढा, नाहीतर तुटक. यातून गाडलेल्या पृष्ठाचा उंचसखल नकाशा तयार होतो: इथे उंचवटा, इथे ओहोळ, इथे काठ.

त्या नकाशावर विभाग पाडा आणि प्रत्येक विभागासाठी लिहा: कोणता काळ, कोणता थर, समुद्रसपाटीपासून कोणत्या उंचीवर, पृष्ठ अखंड की खरवडलेला, काय टिकलं असेल (दगड फक्त, की हाड आणि लाकूडही), आणि हे किती कोअरच्या आधारावर. ‘शक्यता कमी’ आणि ‘माहिती अपुरी’ यांना वेगवेगळे रंग द्या. जिथे पृष्ठ वाहून गेल्याचं तीन कोअरमध्ये दिसलं तिथे शक्यता कमी. जिथे भरावातून यंत्रच खाली गेलं नाही तिथे माहिती अपुरी. नकाशा बघून निर्णय घेणारा माणूस हे दोन्ही एकच समजतो आणि तिथे पाया खणायला परवानगी देऊन टाकतो.

बांधकाम होणार असेल तर पायाची तळपातळी त्याच छेदावर काढा. अखंड पृष्ठ त्या रेषेच्या वर असेल तर तो खणला जाणार, आणि खंदक घ्यायची मागणी तिथेच, आकड्यासकट करा. पृष्ठ खाली असेल तरी खांब आणि पाण्याचा उपसा त्याला गाठतात का, ते तपासा.

कोअरचा निदान एक अर्धा भाग न फोडता, प्लास्टिकच्या पापुद्र्यात घट्ट गुंडाळून, अंधारात ४ अंश सेल्सिअसला ठेवा आणि त्याच्या नोंदी, छायाचित्रं, तोंडाची उंची व अक्षांश-रेखांश एकाच फाइलमध्ये जोडा. दहा वर्षांनी कुणीतरी नवी चाचणी घेऊन येईल तेव्हा तिला हीच माती लागेल.